पाचोडवालीचं वाढीव आयुष्य

एका नामवंत लेखिकेच्या गेलेल्या आईला मी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत जिवंत ठेवलं, आणि त्याबद्दल ग्रंथालयानं शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. नारळ खवट निघाला, ते सोडा. शाल चांगली होती.

आता पहिल्यापासून सांगते. शाळा माझी सातवीपर्यंत. त्यापुढचं सगळं शिक्षण चरित्रं आणि आत्मचरित्रं यांच्या भरवशावर. मला दुसऱ्याच्या घरात डोकवायला फार आवडतं, आणि पुस्तकातली माणसं पडदा ओढून घेत नाहीत, ही मोठी सोय आहे. वाचण्याजोगं चरित्र कोणतं, हे मी एका खुणेवरून ओळखते. त्यात स्वयंपाकघर कधी येतं ते बघायचं. निम्मं पुस्तक झालं तरी थोर पुरुषानं काय खाल्लं आणि ते कुणी रांधलं याचा पत्ता नसेल, तर मी पुस्तक परत करते. (अशा पुस्तकांत बायको एकदम मधल्या गुळगुळीत पानावर फोटोत उभी असते आणि खाली लिहिलेलं असतं 'सपत्नीक'. अहो, नाव होतं तिला!)

पण घरच्या माणसांच्या आठवणी लिहिणाऱ्या बायका पहिल्याच पानावर चूल पेटवतात. असं पुस्तक हातात आलं की मला गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं होतं. आपल्या आईचं आयुष्य, तिच्या फाटक्या लुगड्यासकट, चार परक्या लोकांसमोर मांडायचं, ही काय साधी छाती आहे? मी तर आमच्या घरातलं भांडण शेजारच्या रझियाभाभींना सांगतानासुद्धा अर्धं झाकून सांगते. (उरलेलं अर्धं त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलेलं असतं, हा भाग वेगळा.)

तर आमच्याकडं माझ्या आतेसासूबाई राहतात. आम्ही सगळे आत्या म्हणतो. मूळच्या पिशोरच्या. काचबिंदूनं नजर गेली, पण कान असे, की मी स्वयंपाकघरात साखरेचा डबा उघडला तर आतल्या खोलीतून आवाज येणार, "येकच चमचा." दुपारी त्यांना वाचून दाखवायचं, हा आमचा जुना शिरस्ता. मी वाचणार, त्या ऐकणार, आणि रझियाभाभी दारात बसून मेथी निवडणार.

मागच्या पावसाळ्यात आत्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आल्या त्या निम्म्या होऊनच. जेवायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, शरीर ठीक आहे, आता मनानं घेतलं पाहिजे. मनानं काय घ्यायचं, त्याची गोळी काही त्यांनी लिहून दिली नाही. म्हणून मी ग्रंथालयातून एक पुस्तक आणलं. एका लेखिकाबाईंनी आपल्या आईवर लिहिलेलं. आई कोकणातली, खाडीकाठची, अक्षरशत्रू, तोंडानं फाटकी आणि मनानं राणी.

पहिल्याच पानावर समुद्र होता. आणि पहिल्याच पानावर आम्ही अडलो.

"समिंदर म्हंजे केवढा?" आत्यांनी डोळे न उघडता विचारलं. कितीतरी दिवसांनी त्या आपण होऊन बोलल्या होत्या.

"खूप मोठा. नजर पोचत नाही."

"जायकवाडीच्या धरणायेवढा?"

"त्याहून मोठा, आत्या."

"त्याहून मोठं पानी कुठं असतंय व्हय? जायकवाडीच म्हण."

मी जायकवाडी म्हणाले. तिथंच सगळं फिसकटलं, पण त्या वेळी मला कुठलं कळायला! आत्या उशीला टेकून बसल्या होत्या ना. मग जायकवाडी आलं म्हटल्यावर काठाला फणस कसा शोभेल? मी सीताफळ केलं. भाताची ज्वारी झाली. होडी तेवढी राहिली होती, पण आत्यांना होडीची भीती वाटायला लागली, त्यांचा श्वास चढला, म्हणून मी घाईघाईनं सगळ्यांना होडीतून उतरवून काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसवलं.

"अन् ह्या बाईचं गाव कोंचं?"

इथं मी फार विचार केला. पिशोर म्हणाले असते तर आत्यांनी गल्ली विचारली असती, आडनाव विचारलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत नातं काढलं असतं. म्हणून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचं गाव घेतलं. म्हणाले, "पाचोड."

"पाचोडवाली व्हय," आत्या म्हणाल्या आणि त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली.

रझियाभाभींनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. "सुलूताई, किताबमें तो समंदर लिखेला है." मी म्हटलं, भाभी, अर्धी भाकरी खाल्ली. त्या म्हणाल्या, "हौ, तो फिर जायकवाडीच बरोबर है." अशा बायका शेजारी असल्यावर माणूस बिघडणार नाही तर काय!

पुस्तकातला एक प्रसंग तर आत्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला. लहान भावाला सांभाळायला घरी राहावं लागल्यामुळं लेखिकाबाईंचं नाव शाळेतून कमी होतं. आई मास्तरांना भेटायला निघते, हातात भेट म्हणून भलाथोरला फणस. होडी वजनानं कलते. नावाडी ओरडतो, फणस टाक. आई म्हणते, आधी मला टाक, फणस पोरीच्या शाळेचा आहे. आमच्या आवृत्तीत ही सीताफळाची पाटी होती, गच्च भरलेली जीप होती, आणि ड्रायव्हर म्हणत होता, मावशी, पाटी उतरवा. "आधी मला उतरव," असं मी म्हटलं की आत्या मांडीवर थाप मारायच्या.

एकदा तसं वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सुले, पाचोडवालीचं म्होरं काय झालं ते ऐकल्याबिगर मी काय मरत नाय बघ."

त्या गमतीनं म्हणाल्या. पण मी सकाळी भाजी निवडता निवडता पुढचं वाचून ठेवायची, आणि नेमकं त्याच सकाळी मी शेवटचं प्रकरण वाचलं होतं. त्यात आई जाते.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? आत्या आता कुठं पूर्ण भाकरीवर आल्या होत्या. मी पुस्तक उघडलं, शेवटच्या प्रकरणाच्या आधी थांबले आणि पाचोडवालीला आठवडी बाजारात पाठवून दिलं. तिथं तिनं बैलाच्या व्यापाऱ्याशी भांडण केलं. दुसऱ्या दिवशी ते भांडण मिटवलं. तिसऱ्या दिवशी त्या व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न जमवलं. मला वाटलं होतं, दोन-चार दिवसांची गोष्ट आहे. पण बाई अशी सुटली, की माझ्याच्यानं आवरेना. पुस्तक मात्र हातात धरावंच लागायचं, कारण आत्यांना पान उलटल्याचा आवाज लागायचा. शेवटापर्यंत गेले की मी गुपचूप पहिल्या पानावर यायची.

"लई मोठं पुस्तक हाय गं," आत्या कौतुकानं म्हणायच्या.

"खूपच मोठं," मी म्हणायची. दारात रझियाभाभी तोंडाला पदर लावून हसायच्या. सगळं माहीत असूनही त्या एक दुपार चुकवत नव्हत्या. एकदा दुपारच्या पाहुण्यांमुळं वाचन राहिलं, तर संध्याकाळी मलाच विचारायला आल्या, "वो लग्नाचं क्या हुआ? मुलगा पसंत पडला का?"

सगळ्यात गाजलं ते फर्दापूर. पाचोडवालीला मी शेजारणींबरोबर टेम्पोनं अजिंठ्याची लेणी बघायला नेलं. फर्दापूरला गाडी बदलताना तिनं रंगीत दगड विकणाऱ्याला ठणकावून सांगितलं, की असले दगड आमच्या बांधावर पडलेत, येऊन घेऊन जा. एका गोऱ्या बाईला भाकरी थापायला शिकवली. आणि लेण्यातली ती चित्रं बघून म्हणाली, "येवढं रंगवून ठिवलं, अन् सही कुणीच केली नाय." (हे खरं तर मी म्हणाले होते, लग्नानंतर आमचे हे मला घेऊन गेले होते तेव्हा. यांचं लक्ष नव्हतं.) ते ऐकून आत्या उठून बसल्या. मग हात जोडून म्हणाल्या, "काय बाई हाय."

आमच्या ह्यांना हा प्रकार कळला तेव्हा ते पेपर खाली न करताच म्हणाले, "नुसती जिवंत नाही ठेवलीस. बाईचा पत्तापण बदललास. रेशनकार्डाचं काय केलं?"

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. ते बाहेर फुटलं ग्रंथालयामुळं. पुस्तक हातात धरायचं म्हणजे ते परत करता येईना. दर वेळी मी जाऊन मुदत वाढवून आणायची. आमचे ग्रंथपाल फार सज्जन गृहस्थ. त्यांनी आपल्या मनानं अर्थ काढला, की ही बाई एका पुस्तकाचा इतका सखोल अभ्यास करतेय! संक्रांतीनंतर त्याच लेखिकाबाई आमच्या शहरात व्याख्यानाला येणार होत्या. ग्रंथपाल घरी आले, आणि कार्यक्रमात 'चोखंदळ वाचक' म्हणून माझा सत्कार करायचा आहे, मी पाच मिनिटं बोलावं, असं म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून आवाज आला.

"कोण येतंय? पाचोडवालीची लेक?"

झालं. मी थंडीचं निमित्त काढलं, गर्दीचं काढलं, जिन्याचं काढलं. आत्या म्हणाल्या, "ती माझी मानलेली भैन हाय. तिची लेक गावात येती अन् मी घरी बसू?" आणि पाचोडवालीसाठी म्हणून संक्रांतीचे तिळाचे लाडू त्यांनी एका डब्यात वेगळे काढून ठेवले. लेकीच्या हातानं पाठवायला.

तो डबा बघून मला रडू यायचंच बाकी राहिलं. गेलेल्या माणसासाठी लाडू काढून ठेवलेत, आणि ते माणूस गेलंय हे त्या एकट्यांनाच माहीत नाही. एकीकडं वाटायचं, आत्यांना आत्ताच सांगावं. दुसरीकडं वाटायचं, सांगितलं आणि त्या पुन्हा भिंतीकडं तोंड करून निजल्या तर? आणि त्या लेखिकाबाईंचं काय? आपल्या आईला एका अनोळखी बाईनं टेम्पोतून फिरवलं, हे ऐकून त्यांना काय वाटेल?

शेवटी आम्ही तिघांनी बेत केला. आत्यांना मागं, दाराजवळ बसवायचं. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला रझियाभाभी. लेखिकाबाई साहित्याबद्दल बोलतील, जड जड बोलतील, आत्यांना पेंग येईल, तेवढ्यात घरी आणायचं.

सभागृहात पाय ठेवताच ग्रंथपालांनी आत्यांना बघितलं. एवढ्या वयाची श्रोती! त्यांनी स्वतः हाताला धरून आत्यांना पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर नेऊन बसवलं. हे मागच्या मागं राहिले. मी व्यासपीठावर. मला शाल पांघरली, नारळ दिला, आणि माझ्या शेजारी साक्षात त्या लेखिकाबाई! साधी सुती साडी, पांढरे केस, हातात तेच पुस्तक. ज्या बाईनं ती वाक्यं लिहिली, तिचा हात माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. खरं सांगते, तेवढा वेळ मी सगळं विसरले. मला त्या हाताला नुसतं शिवून बघायचं होतं.

लेखिकाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "मी भाषण करत नाही. मी वाचते."

आणि त्यांनी फणस काढला.

काय वाचत होत्या! खाडीचं पाणी, कललेली होडी, घाबरलेली माणसं. सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. नावाडी ओरडला, फणस टाक. आणि पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

"बाई, चुकलं. भलतंच वाचलं तू."

लेखिकाबाई थांबल्या. चष्म्यावरून बघितलं. "काय चुकलं, आजी?"

"सीताफळाची पाटी व्हती ती. अन् होडी नव्हं, काळी-पिवळी. पाचोड स्टँडवरनं सुटलेली."

लोक हसले. लेखिकाबाई हसल्या नाहीत, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या सुलीनं वाचून दावलंय. तीच ती, तुज्या शेजारी बसलीय."

सगळं सभागृह माझ्याकडं बघायला लागलं. ग्रंथपालांनी, मोठ्या अभिमानानं, माईक माझ्या हातात दिला. 'आदरणीय व्यासपीठ' पासून 'जय महाराष्ट्र' पर्यंत सगळं भाषण मी पाठ केलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना. मी म्हणाले, "आत्यांना होडीची भीती वाटते." आणि माईक परत दिला. चोखंदळ वाचकाचं मनोगत संपलं.

इतका हशा झाला, की मला वाटलं, सुटले. पण आत्या डबा घेऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तुजी माय नाय आली का संगं? आणायची की तिला. लाडू आणलेत."

हशा थांबला. लेखिकाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी नारळाकडं बघितलं. त्या हळूच पायऱ्या उतरून आत्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला.

"आई गेली, आत्या. पुस्तकातच लिहिलंय मी. शेवटी."

"शेवट आला नाय अजून," आत्या म्हणाल्या. "आमचं वाचन चालू हाय."

आत्यांनी बराच वेळ तो हात चाचपला.

"पुस्तक ल्ह्यायच्या आदीच गेली?"

"हो."

"मंग फर्दापूरला कोण गेलं व्हतं?"

ह्या प्रश्नावर सगळं सभागृह पुन्हा एकदा माझ्याकडं वळलं, आणि मला जन्मात पहिल्यांदा वाटलं, की चरित्र वाचण्यापेक्षा भरतकाम शिकले असते तर बरं झालं असतं.

"सुले," आत्या म्हणाल्या. एवढंच. मग उठल्या. "घरी चला. आंगुळ करायचीय."

आमच्याकडं सुतकातलं माणूस गेल्याचं कानावर आलं, कितीही उशिरा आलं, तरी डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि तोवर तोंडात काही घालायचं नाही. आत्यांनी पाचोडवालीला बहीण मानली होती, आणि बहिणीची बातमी आत्ता कळली होती. आभार प्रदर्शन राहिलं होतं, चहा उकळत होता, ग्रंथपाल मागं मागं येत होते. आत्या थांबल्या नाहीत. आणि मी वळून बघते तो लेखिकाबाईसुद्धा पर्स घेऊन आमच्या मागं. म्हणाल्या, "मी येऊ का? माझ्या आईसाठी कुणीतरी आंघोळ करतंय."

गाडीत त्या माझ्या शेजारी बसल्या. मला वाटलं, आता बोलणी खायची. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "फर्दापूरला काय केलं तिनं?"

मी सांगितलं. दगडवाला सांगितला, भाकरी सांगितली, लेण्यातली ती सही सांगितली. लेखिकाबाई आधी हसल्या, मग खिडकीकडं तोंड केलं. जरा वेळानं म्हणाल्या, "तालुक्याच्या पलीकडं गेली नाही कधी. मला म्हणायची, एकदा लांब कुठंतरी ने. राहून गेलं." पुढच्या सीटवरून रझियाभाभी म्हणाल्या, "अरे बहोत घुमी वो! बैलबाजारबी बघितली." तेव्हा त्या बाई पुन्हा हसल्या.

घरी आल्यावर मी पाणी तापवलं. आत्यांना पाटावर बसवून डोक्यावर तांब्या ओतायला लागले. दोन-तीन तांबे झाले.

"कामून सांगितलं नाय?" शेवटी त्या म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणाला होता, तिचं पुढचं ऐकल्याशिवाय मरत नाही."

आत्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. बघते तर हसत होत्या.

"म्हंजे मला जगवाया त्या म्हातारीला रानोमाळ फिरवलीस? येडे, पाय दुकले असतील की तिचे."

बाहेर आल्यावर ओल्या केसांवरून मी माझी सत्काराची शाल त्यांना गुंडाळली. लेखिकाबाईंनी पुस्तक उघडलं आणि शेवटचं प्रकरण वाचलं, जसं छापलंय तसं. समुद्र, खाडी, फणसाचं झाड, सगळं जागच्या जागी. माझी पाचोडवाली दसऱ्यापासून बडबडत होती. त्यांची आई त्या सगळ्या पानांत एकदाच बोलली, "अंधार पडला, दिवा लाव." ह्यांनी पेपर कधी खाली ठेवला ते मला कळलंसुद्धा नाही. रझियाभाभींनी डोळ्याला पदर लावला. मी हे प्रकरण आधी वाचलं होतं ना? पण मी ते वाचलं होतं मेथी निवडता निवडता, ह्यातून आत्यांना कसं वाचवायचं ह्या काळजीत. त्यात काय आहे, ते मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

आत्यांनी डबा उघडला. एक लाडू लेखिकाबाईंच्या हातावर ठेवला. "तुज्या मायच्या वाट्याचा हाय. तू खा." मग जरा विचार करून म्हणाल्या, "ल्हितीस लई चांगलं, बाई. पर वाचाया आमच्या सुलीला लावत जा."

ह्याला मी माझ्या वाङ्मयीन जीवनातला सर्वोच्च सन्मान समजत होते. शालीपेक्षाही मोठा. तो टिकला मात्र दुसऱ्या दुपारपर्यंत. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय, जे छापलं असेल तेच वाचते, शब्द इकडचा तिकडं करत नाही. आत्यांची भूक चांगली आहे, तब्येत चांगली आहे. मी नवं पुस्तक उघडलं की त्या आधी विचारतात, "छापलेलं हाय का तुजं?"

"छापलेलं," मी मान ताठ करून सांगते.

"मंग हळू वाच," आत्या म्हणतात आणि कूस बदलतात, "झोप लागंस्तवर."